एका विजेरीचा निरोप

परवा मी एक विजेरी विकली. यात लिहिण्यासारखं काय आहे, असं आमचे ब्लॉगवाले मित्र म्हणतील. नातेवाइकांना मात्र ती विजेरी माहीत आहे. गावी आलेल्या प्रत्येकाला रात्री मागीलदारी जाताना आम्ही तीच हातात देत असू. आमच्याकडे तिला 'बॅटरी' म्हणत, आणि आत घालायच्या त्या बॅटरीला 'सेल'.

ही बॅटरी टायटॅनियमची. पुतण्याने २०१५ साली अमेरिकेतून आणली होती. लांबीला वीतभरही नाही आणि उजेड असा की विहिरीचा तळ दिसावा! मी आयुष्यभर पितळेची, तीन सेलची जड बॅटरी वापरलेला माणूस. ही हातात घेतली तेव्हा पहिल्यांदा वाटलं, आत सेल घालायचा राहिला की काय.

मी पडलो भाषेचा मास्तर, शास्त्र माझा विषय नव्हे. पण घरात आलेल्या वस्तूची चौकशी करायची सवय जुनी. टायटॅनियम पोलादाच्या निम्म्याहून थोडं जास्त भरतं आणि गंजत नाही. हवेशी गाठ पडताच त्याच्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर धरतो आणि तोच त्याचं रक्षण करतो. कोकणच्या खाऱ्या हवेत आमच्या खिडक्यांचे गज फुगून गेले, हिला मात्र काही झालं नाही. क्लिपचे दोन इवले स्क्रू तेवढे पोलादी, त्यांच्यावर तांबूस डाग आले. गंमत म्हणजे हा धातू ज्यातून मिळतो ते इल्मेनाइट आमच्या रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत आहे. म्हणजे तशी ती माहेरीच आली म्हणायची!

सौ. २०२२ मध्ये गेली. पुढच्या वर्षी गावचं घर बंद करून मी डोंबिवलीला मुलाकडे आलो. इथे रात्रभर रस्त्यावर दिवे. बॅटरी कपाटात, हिच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून पडलेली. "वस्तू वापरात हवी, नाहीतर ज्याला हवी त्याला द्यावी," हे हिचं नेहमीचं म्हणणं. नातवाला म्हटलं, विकू या.

विकायची म्हणजे आधी स्वच्छ करायची. इथे माझी चूक झाली. तांब्या-पितळेची भांडी घासायची पावडर घेतली आणि जोरात घासलं. मूळचा अंग बारीक रेतीच्या माऱ्याने केलेला, राखाडी आणि मंद होता. मी घासलं तेवढा भाग आरशासारखा चमकू लागला. मी खूश! नातू म्हणाला, "आजोबा, शौकीन लोकांना मूळचा अंगच हवा असतो. तुम्ही किंमत कमी केलीत." मग कळलं की साबणाचं कोमट पाणी आणि मऊ फडकं एवढंच पुरे होतं. बोटांचे तेलकट डाग त्यानेच जातात. झाकणाच्या आट्यांना मात्र ग्रीस हवंच. टायटॅनियमवर टायटॅनियम कोरडं फिरलं तर आटे एकमेकांना धरतात, आणि एकदा धरले की सुटता सुटत नाहीत. बरेच दिवस ठेवायची तर सेल बाहेर काढून ठेवावा.

राहिला पुढच्या कडेवरचा खोचा. नातू म्हणाला, पॉलिश पेपरने कड गोल केली तर पाचशे रुपये जास्त येतील. नाहीतर फोटो दुसऱ्या बाजूने काढू.

तो खोचा २०१८ च्या जुलैमधला. वीज गेलेली, पाऊस धो धो. मी वाडीत एकाच्या आजारपणाला गेलो होतो, परतायला उशीर झाला. ही बॅटरी घेऊन मला शोधायला निघाली आणि चिऱ्याच्या पायरीवरून घसरली. मी बेड्यापाशी आलो तर पायऱ्यांखाली उजेड, आडवा, गवतावर पडलेला. धावलो. मनगट दुखावलं होतं. पण मला पाहताच हिने काय विचारावं? "बॅटरी फुटली का हो?"

मी पॉलिश पेपर हातात घेतला होता, खोटं कशाला सांगू. दोनदा फिरवलासुद्धा. पाचशे रुपयांचा मोह नव्हता. हाताळलेली वस्तू नीटनेटकी करून द्यावी, एवढंच मनात होतं. मग थांबलो. चौतीस वर्षं मुलांच्या वहीतली खाडाखोड मी पकडत आलो, आणि आता स्वतःच खाडाखोड करत बसलो होतो.

जाहिरातीचा मजकूर मीच सांगितला, प्रगतिपुस्तकासारखा. उजेड: उत्तम. आटे: ठीक, ग्रीस लावलेले. अंग: मालकाने चुकीच्या पावडरीने घासले आहे. शेरा: कडेवर खोचा आहे, फोटो पाहावा. नातू हसला, पण तसंच टाकलं. मागितले पाच हजार, ठरले साडेतीन.

घ्यायला आलेला मुलगा गड-किल्ले फिरणारा. त्याने बॅटरी लावून भिंतीवर उजेड पाहिला, मग अंगठा कडेवरून फिरवला.

"काका, हे कसं झालं?"

"पायरीवर पडली होती."

"मग तेव्हा बंद पडली?"

"नाही. चालूच होती," मी म्हटलं. त्यापुढचं सांगितलं नाही. त्याला उगाच ओझं.

ग्रीसची डबी त्याला तशीच दिली. पावडरीपासून लांब राहा, असंही बजावलं. तो गेल्यावर मुलाने विचारलं, "बाबा, ते फडकं राहिलं की. द्यायचं होतं ना सोबत?"

म्हटलं, असू दे. चष्मा पुसायला होईल.