पाय कमी पडतायत

विमान जमिनीवर पायांनी वळवतात. हे सांगितलं की घरच्यांना अजूनही खोटं वाटतं. समोर गाडीच्या स्टिअरिंगसारखं काहीतरी दिसतं ना, त्याला योक म्हणतात, आणि नवा विद्यार्थी पहिले काही दिवस हमखास तेच फिरवत बसतो. विमान आपलं सरळ गवताकडे निघालेलं असतं. खरं काम पायाशी असलेल्या दोन पेडलांचं. उजवं पेडल पुढे ढकललं की शेपटीवरचा रडर उजवीकडे वळतो आणि सोबत नाकाखालचं छोटं चाकही. पेडलाचं वरचं टोक पंज्यानं दाबलं की त्या बाजूच्या चाकाला ब्रेक लागतो.

माझी उंची पाच फूट. सीट पूर्ण पुढे, पाठीमागे एक उशी, खाली एक उशी, अशी तयारी करून मी बसायचे. त्यामुळे एका सेस्ना १७२ चं पेडल जड लागतंय असं मी पहिल्यांदा म्हणाले, तेव्हा सरांनी आधी माझ्या उशांकडे पाहिलं. मग म्हणाले, “अगं, पाय कमी पडतायत. जोर लाव.”

मी जोर लावला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी बॅचमधला एक जण हसत म्हणाला, “जिमला जा.” तो सहा फुटी आहे आणि मनानं चांगला आहे, पण त्याला पेडल जड लागलं असतं तरी कळलं नसतं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. कमर्शियल पायलट लायसन्ससाठी आपल्याकडे २०० तासांचं उड्डाण लागतं. हे तास विमानावर मिळतात आणि विमानं मोजकी असतात. फळ्यावर नावं लिहिलेली असतात, मुलं सकाळी सहापासून वाट बघत बसतात. तुम्ही लॉगबुकात ‘स्नॅग’ लिहिला, म्हणजे बिघाडाची नोंद केली, की ते विमान हँगरमध्ये जातं आणि तुमच्यामागची पाच-सहा नावं लटकतात. प्रत्येकाच्या मागे कुणाचं तरी कर्ज असतं. माझ्यामागे वडिलांचा दीड एकर ऊस गहाण होता. त्यामुळे ‘मला वाटतंय’ एवढ्या भांडवलावर स्नॅग लिहायची कुणाची हिंमत होत नाही. आणि सरांनी तुमचेच पाय अशक्त ठरवले असतील तर मुळीच नाही.

मी मोबाईलमध्ये नोंदी ठेवायला लागले. साध्याच. वेळ, ऊन किती, टाकीत इंधन किती, मागच्या सीटवर कुणी बसलंय का, पेडल कसं लागलं. आठवड्याभरात त्यात एक चित्र दिसायला लागलं. सकाळी सातला, पुढे आम्ही दोघंच असताना, पेडल नेहमीसारखं. दुपारी, मागे निरीक्षणाला एखादा विद्यार्थी बसलेला असताना, दगड. उडाल्यावर पुन्हा नेहमीसारखं. आणि सगळ्यात विचित्र म्हणजे टॅक्सी करताना ब्रेक टेकवला की क्षणभर पेडल सुटायचं. माझे पाय काही सकाळी बळकट आणि दुपारी अशक्त होत नव्हते.

ही यादी मी सरांना नाही, हँगरमधल्या काकांना दाखवली. काका तिथले सगळ्यात जुने इंजिनिअर. त्यांनी वाचली, चष्मा वर केला आणि एकच विचारलं, “हवेत कसं असतं?” मी म्हटलं, “हवेत ठीक.” ते म्हणाले, “मग लिही. मी बघतो.”

मी लिहिलं. फळ्यावरची नावं लटकली. चहाच्या टपरीवर दोन दिवस माझ्याशी कुणी धड बोललं नाही.

हवेत कसं असतं, हा प्रश्न का महत्त्वाचा, ते मला हँगरमध्ये उभं राहून कळलं. पेडलापासून दोन वाटा निघतात. एक पोलादी केबलींची, कप्प्यांवरून मागे रडरपर्यंत. दुसरी पुढे नाकाच्या चाकाकडे. पेडल हवेतही जड असेल तर संशय पहिल्या वाटेवर: केबल जास्त ताणलेली, कप्पी अडकलेली, बिजागरी गंजलेली, पेडलाखालच्या दांड्याच्या बेअरिंगा कोरड्या. त्यात ऊनही खेळ करतं. विमानाचं अंग ॲल्युमिनियमचं, केबल पोलादाची; तापल्यावर ॲल्युमिनियम जास्त पसरतं आणि केबल ओढली जाते. म्हणून केबलीचा ताण तपासताना तापमानही बघावं लागतं. पण फक्त जमिनीवर जड असेल तर बहुतेक वेळा दोष नाकाच्या चाकाशी असतो.

अर्थात थोडं जड असणं नेमाचंच आहे. आमच्याकडचा ट्रॅक्टर उभा असताना स्टिअरिंग फिरवून बघा, मग चालता असताना फिरवा. रबर जमिनीला घासतंय म्हटल्यावर जोर लागणारच, आणि टायरमध्ये हवा कमी असेल तर आणखी. सेस्ना १७२ मध्ये तर पेडल आणि चाक यांच्यामध्ये स्प्रिंगची जोडणी असते. नुसत्या पेडलांनी चाक साधारण १० अंश वळतं, ब्रेकची मदत घेतली तर ३० अंशांपर्यंत. पायपरच्या चेरोकीत हीच जोडणी थेट दांड्यांची असते, तिथे पायाला वेगळंच लागतं. एका विमानावरून दुसऱ्यावर गेलेला माणूस उगाच घाबरतो तो यामुळे.

काकांनी कशालाही पाना लावला नाही. आधी उकिडवे बसले आणि नाकाच्या चाकावरच्या नळीकडे बघत राहिले. ही नळी म्हणजे ओलिओ स्ट्रट. आत तेल आणि दाबलेला वायू, धक्के खाण्यासाठी. तिचा चकचकीत भाग हातभर वाटावा इतका बाहेर आला होता. काकांनी मला मागच्या सीटवर बसायला सांगितलं. मी बसले तशी नाकाची बाजू आणखी वर गेली. “आता चाक वळव,” ते मदतनिसाला म्हणाले. चाक वळेना.

या विमानात एक हुशार सोय आहे. उडाल्यावर चाक लोंबकळतं, स्ट्रट पूर्ण ताणला जातो, आणि मग आतली एक खाच चाकाला सरळ रेषेत धरून ठेवते. उतरताना वाऱ्यासाठी तुम्ही पेडल तिरकं धरलं असलं तरी चाक सरळच टेकावं म्हणून. आमच्या विमानाच्या स्ट्रटमध्ये तेल कमी होतं आणि ती कसर कुणीतरी वायू भरून काढली होती. दुपारच्या उन्हानं वायू फुगायचा, मागे माणूस बसला की नाक हलकं व्हायचं, स्ट्रट पुरता ताणला जायचा आणि विमानाला वाटायचं आपण हवेत आहोत. ब्रेक टेकवला की नाक खाली दबायचं, खाच सुटायची. माझ्या यादीतली ती विचित्र ओळ हीच.

स्ट्रटमधला दाब सोडला, तांबडं हायड्रॉलिक तेल भरलं, शेपटीला वजन बांधून नाक अधांतरी उचललं आणि मग ४५ पीएसआय दाब दिला. भार असताना नाही, चाक अधांतरी असतानाच. चूक बहुधा तिथेच झाली होती.

काका एवढ्यावर थांबले नाहीत. दाब सोडलेला होता तेव्हाच त्यांनी स्टिअरिंगच्या दोन्ही दांड्या चाकापासून सोडवल्या होत्या. मला पेडलं मारायला लावली: रडर लोण्यासारखा हलला, म्हणजे केबली निर्दोष. मग चाक हातानं फिरवलं तर करकर आवाज. स्ट्रटभोवतीची कॉलर कोरडी ठणठणीत, वर धुळीचा लेप. तपासणीआधी विमान जोरदार पाण्यानं धुतलेलं, ग्रीस वाहून गेलेलं. चाकाची थरथर थांबवणारा डॅम्पर काढून हातानं आतबाहेर करून पाहिला, तो बरा निघाला. टो-बारनं ओढताना कुणी ३० अंशांच्या पलीकडे चाक पिळलंय का, हेही थांब्यांवर बोट फिरवून बघितलं.

काम करता करता त्यांनी १९९१ च्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज आणि १९९४ च्या पिट्सबर्गजवळच्या बोईंग ७३७ अपघातांबद्दल सांगितलं. दोन्ही मिळून १५७ माणसं गेली. तिथेही वैमानिकानंच पेडल दाबून धरलं असेल का, यावर बराच खल झाला. तपास संपायला १९९९ उजाडलं, आणि बोट अखेर रडर हलवणाऱ्या यंत्रणेतल्या एका व्हॉल्व्हकडे वळलं. “आपलं हे त्याच्यापुढं काहीच नाही,” काका हात पुसत म्हणाले, “पण पायाचं नाव सगळ्यात आधी निघतं बघ.”

तिसऱ्या दिवशी दुपारी सरांनी स्वतः टॅक्सी करून पाहिली, मागच्या सीटवर आमच्या सहा फुटी मित्राला बसवून. उतरल्यावर लॉगबुकात ‘सॅटिस्फॅक्टरी’ लिहिलं, सही केली आणि चहाला गेले. मला काही म्हणाले नाहीत. मित्र मात्र माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, “ती तुझी यादी पाठव ना. त्या दुसऱ्या विमानाचं डावं पेडल मला पण जरा...”

यादी पाठवली. माझं नाव त्या दिवशी फळ्यावर चौथं होतं. साडेचारला वारा वाढला आणि उड्डाणं बंद झाली.