आजीची भाऊबीज

गेल्या वर्षी दिवाळीला आठ-दहा दिवस राहिले असताना आमच्या ब्लॉकखाली, वॉइड डेकवर, मांडव पडला. तांजोंग पगारला राहायला येऊन सहा वर्षं झाल्यामुळे आता कुणाला विचारावं लागत नाही, मांडव दिसला की कुणीतरी गेलं हे कळतं. या वेळी शेजारच्या आंटींच्या सासूबाई गेल्या होत्या, वय ब्याण्णव.

चकलीची भाजणी तशीच झाकून ठेवली आणि खाली गेले. टेबलावर शेंगदाणे, ज्यूसचे खोके, परत जाताना घ्यायचे लाल दोरे. ताओ पुजाऱ्याची घंटा चालू होती. मुलगे, मुली, सुना, नातवंडं हातात उदबत्त्या घेऊन रांगेत उभी होती. आंटी मात्र रांगेत नव्हत्या, मागे खुर्च्या लावत होत्या. मी जवळ गेल्यावर हळूच म्हणाल्या, "मी ख्रिश्चन आहे ना, उदबत्ती धरत नाही." मग थोडं थांबून म्हणाल्या, "तेरा वर्षं त्यांना न्हाऊ घातलं, भरवलं. पण नणंद म्हणते, शेवटच्या वेळी हात रिकामेच ठेवलेस."

त्या तीन दिवसांत नणंद त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही.

मी लग्नाआधी आणि नंतरही थोडी वर्षं नगरला (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जिभेला वळण नाही) एका शाळेत इतिहास शिकवायचे. रोमन साम्राज्याच्या धड्यात ख्रिस्ती धर्माला माझ्याकडून दहा मिनिटं मिळत. इसवी सन 313 मध्ये सम्राट कॉन्स्टन्टाइनने त्याला मोकळीक दिली, 380 मध्ये थिओडोसियसने तो राज्याचा धर्म ठरवला. फळ्यावर दोन सन, परीक्षेत दोन मार्क, पुढचा धडा. येशूला क्रूसावर दिल्यापासून 313 पर्यंतची पावणेतीनशे वर्षं मी सरळ उडी मारून ओलांडत असे. सम्राटाने हात धरण्याआधी हा धर्म रोममध्ये कुणाच्या बळावर टिकला, हे एकाही मुलाने विचारलं नाही आणि खरं सांगायचं तर मलाही सुचलं नाही.

सुचलं ते एम.ए.ला असताना वाचलेलं पुन्हा काढल्यावर, इथे, पोरीला झोपवून. रॉडनी स्टार्क नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 1996 च्या पुस्तकात साधा हिशेब मांडला आहे. सन 40 च्या सुमारास हजारभर ख्रिस्ती धरले आणि दर दहा वर्षांनी चाळीस टक्के वाढ धरली, तर 300 पर्यंत आकडा साठ लाखांच्या वर जातो. चमत्काराची गरजच नाही, चक्रवाढ व्याज पुरतं. आणि ही वाढ चौकातल्या भाषणांनी होत नाही, असं तो म्हणतो. आधीपासून ज्याच्यावर जीव आहे असा कुणीतरी तिकडे असतो, म्हणून माणूस तिकडे जातो. बहीण, शेजारीण, धनीण, दाई. पौलाने रोमच्या मंडळींना लिहिलेल्या पत्राचा शेवटचा अध्याय पाहिला तर ती निव्वळ नमस्कारांची यादी आहे. त्यात फीबी आहे, प्रिस्का आणि तिचा नवरा अक्विला आहेत, आणि मंडळी जमते ती त्यांच्या घरी. स्वतंत्र चर्चची इमारत ही पुढची गोष्ट. सन 112 च्या आसपास प्लिनी हा सुभेदार सम्राट ट्रेजनला विचारतो की या लोकांचं करायचं काय, तेव्हा माहिती काढण्यासाठी त्याने छळ केलेला असतो दोन दासींचा. त्या मंडळीत त्यांना मानाचं काम होतं.

म्हणजे हा धर्म रोममध्ये आला तो माजघरातून.

आंटींचंही तसंच. त्या नील रोडवरच्या फेअरफील्ड या मेथडिस्ट मुलींच्या शाळेत शिकल्या, तिथल्या मैत्रिणीबरोबर चर्चमध्ये जायला लागल्या, एकोणिसाव्या वर्षी बाप्तिस्मा घेतला. गंमत म्हणजे सिंगापूरच्या या मेथडिस्टांचं एक मूळ आपल्याकडे आहे. 1885 मध्ये इथे मिशन सुरू करणारा विल्यम ओल्डहॅम बंगळूरचा जन्मलेला, सरकारी मोजणी खात्यातला नोकर. तो पालटला पुण्यातल्या एका सभेत. (पुणेकर आता याचंही श्रेय घेतील.) इथे आल्यावर त्याने चिनी व्यापाऱ्यांच्या मंडळापुढे आधी बायबलावर नव्हे, खगोलशास्त्रावर व्याख्यान दिलं, आणि 1886 मध्ये आमच्यापासून चालत जाता येईल अशा अमॉय स्ट्रीटवर तेरा मुलांची शाळा काढली. आज सिंगापुरात पंधरा वर्षांवरच्यांत जवळपास एकोणीस टक्के ख्रिस्ती आहेत. 2000 साली साडेचौदा टक्के होते.

पण माजघरातून येणारा धर्म माजघरातच भेग पाडतो, आणि टक्केवारीत ती दिसत नाही. कार्थेजची पर्पेतुआ 203 मध्ये मारली गेली. बाविशीची, अंगावर पिणारं मूल. तुरुंगात तिने लिहिलेलं टिकून राहिलं आहे. ते वाचताना मला श्वापदांच्या रिंगणापेक्षा जास्त लागला तो तिचा बाप. म्हातारा पुन्हा पुन्हा येतो, लेकीचे हात चुंबतो, पायावर पडतो, तान्ह्याकडे बघ म्हणतो. ती हटत नाही. हुतात्मा म्हणून तिचं नाव राहिलं, बाप कसा जगला हे कुठेच नाही.

आपल्याकडे या बाजूचं लिहिलं ते लक्ष्मीबाई टिळकांनी. 1895 च्या फेब्रुवारीत नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्या बरोबर नव्हत्या. काही वर्षं वेगळ्या राहिल्या, पुढे नवऱ्याजवळ आल्या त्याही आपलं सोवळं सांभाळून, आणि स्वतः ख्रिस्ती झाल्या 1900 मध्ये, स्वतःच्या पायांनी. 'स्मृतिचित्रे' मी शाळेत असताना हसण्यासाठी वाचलं होतं. आता त्यातली मधली वर्षं वाचवत नाहीत.

कारण माझी आजी.

आईची आई. भाऊबीजेला ती पाट मांडून रांगोळी काढायची आणि संध्याकाळी गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळायची. ज्यांना भाऊ नाही त्या तसंच करतात, म्हणून आम्ही नातवंडं धरून चाललो होतो की आजीला भाऊ नाही. ती गेल्यावर, 2009 मध्ये, आईने सांगितलं. भाऊ होता, थोरला, अण्णा. आणि होता कुठे, तर नगरमध्येच, आमच्या वाड्यापासून मैलभरावर मिशनच्या वस्तीत. अमेरिकन मिशन नगरात 1831 पासूनचं. 1953 मध्ये अण्णा ख्रिस्ती झाला आणि तिकडच्या एका नर्सशी लग्न केलं. पणजोबांनी त्याच्या नावाने अंघोळ केली आणि विषय संपवला.

अण्णाने संपवला नाही. दर भाऊबीजेला तो पाच रुपयांची मनीऑर्डर करायचा. मैलभरावर. माझे आजोबा दारातूनच पोस्टमनला परत पाठवायचे. 1979 मध्ये आजोबा वारले. त्या वर्षी मनीऑर्डर आली तेव्हा आजीने पदराला हात पुसले आणि सही केली. पुढे बारा वर्षं, अण्णा असेपर्यंत, करत राहिली. भेटायला मात्र ती गेली नाही आणि चंद्राला ओवाळणंही सोडलं नाही.

"पण तेव्हा तिला अडवणारं कोण होतं?" मी गेल्या दिवाळीत फोनवर आईला विचारलं. आई म्हणाली, "मीही एकदा विचारलं होतं. म्हणाली, सव्वीस वर्षं त्याच्या वाटची ओवाळणी चंद्राला दिली, आता कोणत्या तोंडाने जाऊ?"

ते पैसे एका बोर्नव्हिटाच्या डब्यात आहेत, खर्च केलेले नाहीत. मनीऑर्डरच्या कूपनवर मजकुराला जागा असायची, तिथे दर वर्षी एकच शब्द आहे: भाऊबीज. डबा आईकडे आहे. अण्णांची नात पुण्यात असते, तिचा नंबरही आईकडे आहे, हे मला त्याच फोनवर कळलं.

भाऊबीजेच्या दिवशी आंटी माझ्या दारात आल्या. नणंदेसाठी काहीतरी गोड न्यायचं होतं, तिला करंजी आवडेल का, विचारत होत्या. मी डबा भरून दिला. त्या लिफ्टकडे गेल्यावर आईला फोन लावला आणि म्हटलं, तो नंबर दे.

पलीकडे बराच वेळ कपाट उघडल्याचा आवाज येत होता. मग आई म्हणाली, "घे लिहून."