प्रिय दीड मीटर

प्रिय दीड मीटर,



मोठ्या माणसाने दोन्ही हात पसरले, तर त्यांच्यात तू सहज मावतोस. सायकलच्या हँडलपासून शेजारून जाणाऱ्या ट्रकच्या पत्र्यापर्यंत तेवढाच तू हवा असतोस. आमच्या रस्त्यांवर तू वीतभर उरतोस, कधी तेवढाही नाही.

सायकल काही रुळावरून चालत नाही, हे स्टिअरिंगमागे बसलेल्याच्या लक्षात येत नाही. खड्डा चुकवताना ती उजवीकडे येते, चढावर पेडल मारताना हलते, कॅरिअरवर दप्तर किंवा दुधाचे कॅन असतील तर आणखीच. भरधाव बस अगदी जवळून गेली की हवा आधी बाहेर ढकलते आणि लगेच आत ओढते. धडक बसायलाच हवी असं नाही. माणूस बिचकून साइडपट्टीवर उतरतो, ती रस्त्यापेक्षा खाली गेलेली असते, चाक खडीत घसरतं. बस तोवर पुढे गेलेली असते. कुणी कुणाला धडकलेलंच नाही, मग गुन्हा कुणावर नोंदवायचा?

म्हणूनच तुझा आकडा कायद्यात हवा. 'सुरक्षित अंतर ठेवा' हे आम्हाला ठाऊक आहे, पण सुरक्षित म्हणजे किती हे प्रत्येक ड्रायव्हर आपापल्या घाईप्रमाणे ठरवतो. आकडा असला की तो शिकवता येतो, कॅमेऱ्यात दिसतो, न्यायालयात मांडता येतो.

बाहेरच्या देशांनी तुला केव्हाच कायद्यात बसवलं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये साठच्या वेगापर्यंत एक मीटर, त्यापुढे तू पुरा. तुला जागा करून देण्यासाठी समोरचा रस्ता मोकळा असेल तर मधली अखंड रेघ ओलांडायचीही तिथे मुभा आहे. जर्मनीने 2020 मध्ये गावात दीड आणि गावाबाहेर दोन मीटर ठरवले, आणि पायी चालणाऱ्यांनाही त्यात धरलं. मला मात्र टेक्सासची हकिकत सर्वांत जवळची वाटते. तिथल्या विधिमंडळाने 2009 मध्ये असा कायदा मंजूर केला आणि गव्हर्नर रिक पेरी यांनी तो नकाराधिकार वापरून अडवला. शहरं थांबली नाहीत. ऑस्टिनने त्याच वर्षी आपल्या हद्दीपुरता नियम केला: मोटारीने तीन फूट, ट्रकसारख्या व्यावसायिक वाहनाने सहा फूट. पुढे सॅन अँटोनिओ आणि ह्यूस्टन त्याच वाटेने गेली. या नियमांचं संरक्षण सायकलवाल्याबरोबर रस्त्यावर काम करणाऱ्या मजुराला आणि बंद पडलेल्या गाडीपाशी उभ्या असलेल्या माणसालाही मिळतं. अंगाभोवती लोखंडाची पेटी नसलेला प्रत्येक जण त्यात धरलेला आहे.

आमच्याकडे, भारतात, 2022 या एका वर्षात रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली. त्यांत 32,825 पायी चालणारी होती आणि 4,836 सायकलवरची.

महाराष्ट्राचा विचार करताना माझ्या डोळ्यांपुढे मानव विकास कार्यक्रमातल्या सायकली येतात. आठवी ते बारावीच्या मुलींची शाळा दूर म्हणून सुटू नये, यासाठी सरकार त्या देतं. फार चांगली योजना आहे ही. तिच्यामुळे किती घरांतलं 'आता पुरे झाली शाळा' मागे पडलं असेल! पण त्या मुली ज्या रस्त्याने जातात, त्याच रस्त्याने उसाच्या जोडट्रॉल्या, वाळूचे डंपर आणि वडाप जातात. सरकारने सायकल दिली, सायकलच्या उजवीकडची जागा दिली नाही. आई मग सांगते, कडेकडेने जा. कडेला पाणी साचलेलं, काटेरी बाभूळ आलेली. शिकवण मुलीलाच मिळते. डंपरवाल्याला तू किती हे कुणी सांगत नाही.

तुझ्याविरुद्ध एक आक्षेप हटकून येतो: आमचे रस्ते अरुंद, दीड मीटर सोडायचा कुठून? पुण्याच्या पेठांत किंवा एकेरी ग्रामीण रस्त्यावर तो खराच वाटतो. पण जागा नसेल तर ओव्हरटेक करायचा नाही, सायकलच्या मागे तिच्या वेगाने चालायचं, एवढंच तू सांगतोस. ते थोडा वेळ मागे राहणं आम्हाला अपमानासारखं वाटतं. एसटीच्या मागे, लग्नाच्या वरातीमागे, मंत्र्यांच्या ताफ्यासाठी आम्ही थांबतोच ना? मग शाळेला निघालेल्या मुलीमागेही थांबता येईल.

नियम करण्याचा अधिकार राज्याकडे आहे. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 138 मध्ये पोटकलम (1अ) आलं आणि त्याखालचे नियम सहा महिन्यांत करा, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये राज्यांना सांगितलं. काळजी एवढीच की ते कलम पादचाऱ्यांचं आणि सायकलींचं 'नियमन' करण्याविषयी बोलतं. इथून चालू नका, तिथे सायकल आणू नका, एवढीच यादी त्यातून निघाली तर दुबळ्यावरच आणखी एक बंधन पडेल. नियम वाहनाला लागू व्हावा: पन्नासच्या आत एक मीटर, त्यापुढे दीड, ट्रक-बस-ट्रॉलीला त्याहून जास्त, आणि जागा नसेल तर मागे थांबणं सक्तीचं. लायसन्सच्या परीक्षेत त्यावर प्रश्न असावा, आणि एसटीच्या व साखर कारखान्यांच्या चालकांना तो आधी शिकवावा.

शाळा जूनमध्ये उघडतात. त्याआधी तू राजपत्रात ये.

तुझी वाट पाहणारा,
एक सायकलस्वार