टेस्टबाई

लातूरच्या ट्युशन एरियात चार दिवस राहिलात तरी या बाईंशी गाठ पडणारच, म्हणून आधीच ओळख करून देतो. या टेस्टबाई, नीटची सराव परीक्षा. येतात बहुतेक रविवारी, दुपारी दोन ते पाच. ही वेळ त्यांनी थोरल्या बहिणीची उचलली आहे. मे महिन्यातली खरी नीटही दोन ते पाचच असते. मेसचा वरणभात अंगावर आलेला असताना १८० मिनिटांत १८० प्रश्न! जांभई दिलेली बाईंना खपत नाही.

बाईंना मिरवायचं भारी वेड. ७२० पैकी आपण किती दिले, तो आकडा त्या पालकांच्या ग्रुपवर पोरांच्याही आधी पोचवतात. मग पोरगं ताटावर बसलेलं असताना गावाकडून फोन येतो, ‘किती पडले रे?’ वडिलांना आकडा पाठ असतो, तरी विचारतात. पोरगं म्हणतं, ‘पेपर अवघड होता, बाबा.’ पलीकडे फोन आईकडे जातो आणि ती भाजी कुठली होती ते विचारते.

हिशोबाला मात्र बाई कडक. बरोबर उत्तराला चार देतात, चुकलं की एक कापतात. पोरांना वाटतं, एकच तर गेला. पण मिळायचे ते चारही गेलेले असतात, म्हणजे चूक पाचाला पडली. सगळे प्रश्न सोडवून १५० बरोबर आणि ३० चूक आले, तर ५७०. पुढच्या रविवारी १४० आणि ४० झाले, की ५२०. पन्नास गुण घसरले म्हणून खोलीत सुतक! फरक किती प्रश्नांचा? दहा.

शिवाय बाई लहरी. दिवाळीपर्यंत ‘पार्ट टेस्ट’ म्हणून दोन-तीन धडे विचारतात, लाडात येऊन साडेसहाशे देतात. मग अचानक पूर्ण अभ्यासक्रमावर येतात आणि अकरावीतलं वनस्पतींचं वर्गीकरण काढून बसतात. गुण पडणारच. पोरांना मात्र वाटतं, आपलं डोकंच चालेनासं झालं. ही लहर घराण्यातच आहे म्हणा. २०२४ साली सुधारित निकालानंतरही थोरलीने सतरा जणांना ७२० पैकी ७२० दिले होते. २०२५ साली देशात पहिल्या आलेल्यालाच ६८६. तेव्हा आकडा बघायच्या आधी वर्गात कितवा नंबर आला ते बघावं. गुण पडले आणि नंबर जागेवरच असला, तर त्या दिवशी बाईंचं डोकं फिरलेलं होतं, एवढंच.

नंबरही घसरला, तर? तर बाईंशी बसून बोलावं लागतं. सोमवारी त्या अगदी वेगळ्या असतात, सगळं खरं सांगतात. पण सोमवारी त्यांच्याकडे फिरकतो कोण? औशाकडची एक मुलगी फिरकली. गुण सलग उतरत होते, तेव्हा तिने वहीत चार रकाने आखले: आलंच नाही, येत होतं पण विसरले, प्रश्न नीट वाचला नाही, ओएमआरवर गोळा चुकला. तिसरा रकाना भरून वाहायला लागला. ‘अयोग्य विधान ओळखा’ असं विचारलेलं, हिने योग्य विधान शोधून गोळा काळा केलेला! आणि असे बहुतेक प्रश्न जीवशास्त्राचे. कारण ती हिमतीने भौतिकशास्त्रापासून सुरुवात करायची, त्यातच अडकायची आणि निम्म्या पेपराएवढे जीवशास्त्राचे ९० प्रश्न शेवटच्या अर्ध्या तासात पळत सोडवायची. तिने क्रम उलटा केला. पुढच्या रविवारी गुण आणखी सहा उतरले, सवय नव्हती म्हणून. त्यानंतर चढले.

गुण पडले की आणखी टेस्ट द्या, असं सांगणारे इथे गल्लोगल्ली आहेत. माझं मत उलटं आहे. एकदा दिलेली टेस्ट पुरती उलगडल्याशिवाय दुसरी देऊ नये. त्याच चुका नव्या कागदावर पुन्हा होतात, दुसरं काही होत नाही. तीच गोष्ट शनिवारी रात्री दोनपर्यंत जागणाऱ्यांची. रविवारी साडेचारला त्यांचे डोळे मिटायला लागतात आणि एक गोळा खाली सरकला की पुढचे सगळेच सरकतात. बाई अशांना हसत नाहीत, पण सोडतही नाहीत.

तुमच्याही घरचं कुणी बाईंच्या तावडीत असेल, तर रविवारी रात्री फोन करू नका. सोमवारी संध्याकाळी करा. तोवर चुकलेले प्रश्न पुन्हा सोडवून झालेले असतात आणि पोरांकडे सांगण्यासारखं काहीतरी असतं.