पाठीवरचं बिऱ्हाड

हरिश्चंद्रगडाला जायचं म्हटलं, की आमच्या घरात चकल्यांचा डबा आधी पुढे येतो. माणसं मागाहून ठरतात! चकल्यांशी माझं वैर नाही. त्या कागदाच्या पुडीत याव्यात, स्टीलचा डबा घरीच बरा.

खिरेश्वरहून तोलार खिंडीच्या वर आलं, की उभट कातळ लागतो. हल्ली तिथं लोखंडी कठडे आहेत; तरी फुगलेली सॅक माणसाला मागे खेचते आणि कठड्यावरचा हात सुटता सुटत नाही. म्हणून आदल्या रात्री मी सॅक ताणकाट्याला अडकवतो. काटा आठ किलोंपुढे गेला, की काहीतरी बाहेर!

पहिला जातो टर्किश टॉवेल. त्याच्या जागी पंचा. पिळून टांगला की लगेच वाळतो; रात्री मफलर, उन्हात मुंडासं, पाय मुरगळलाच तर पट्टी. जीनची जास्तीची विजार मुळीच नको, भिजली की धोंडा होते. स्टोव्ह-पातेल्यांनाही रजा, सुट्टीच्या दिवशी गडावर गावकऱ्यांच्या झोपडीत गरम पिठलं-भाकरी मिळते. पाण्यात मात्र काटकसर नाही. लिटरमागे किलो वाढतो, वाढू दे.

जड जिन्नस पाठीला लागून, पांघरूण तळाशी, आणि सगळ्याला आतून जाड प्लास्टिकचं अस्तर.

देवळापासून कोकणकडा आणखी चालावा लागतो. ओझेवाले ओट्यावरच आडवे होतात. आम्ही सॅक न उतरवता पुढे निघतो. सूर्य तिकडेच मावळतो ना!