वारा बघून बसावं

चौलच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून निघालेला माणूस बहुधा समुद्राकडेच बघत चालतो. गावाला जुनी सवयच ती. दहाव्या शतकात अरब प्रवासी अल् मसूदी इथे आला, १४६९ च्या सुमारास रशियाचा अफनासी निकितिन आपला घोडा घेऊन उतरला, पुढे पोर्तुगीज आले. जे आलं ते पाण्यावरून आलं. दक्षिणेला कुंडलिकेच्या खाडीपलीकडे डोंगरांवर दाट रान पसरलंय, त्याकडे मात्र चौलकराचं लक्ष उशिरा जातं. ते रान फणसाडचं. साधारण ५४ चौरस किलोमीटरचं अभयारण्य. शेकरू, बिबट्या, भेकर, पिसोरी आणि सांबर यांचं घर.

एकेकाळी इथे जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांची शिकार चाले. राखीव रान असल्यामुळे सामान्यांच्या कुऱ्हाडीला तिथे मज्जाव होता. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे दिवस संपत आणले आणि १९८६ मध्ये फणसाड अभयारण्य झालं. नवाबाने शिकारीसाठी जपलेलं रान आज त्याच सांबरांना आसरा देतंय. बंदूक गेली, मचाण राहिलं. वैशाखातल्या बुद्धपौर्णिमेला वन विभाग हौशी नागरिकांना राज्यातल्या अनेक जंगलांमध्ये पाणवठ्यांवरच्या मचाणांवर रात्रभर बसू देतो. चौलच्या एखाद्या तरुणाला सांबर पहिल्यांदा त्याच्या घरी जाऊन बघायचं असेल, तर तयारी या रात्रीची करायची. आणि ती करायची शिकाऱ्यासारखी.

अमेरिकेत कोलोराडो, मोंटाना, आयडाहो या राज्यांत वापिती, म्हणजे तिकडचं एल्क, हे सांबराचं भलंथोरलं भावंड सरकारी जंगलात परवाना काढून मारता येतं. नवा शिकारी कितीतरी महिने आधी नकाशा पसरून बसतो. पाणी कुठे, चरायला कुरण कुठे, दुपारी बसायला सावली कुठे, वारा कुठून कुठे, हे तो आधी ठरवतो आणि मग पायी फिरून पडताळतो. गोळी झाडणं हा त्या सगळ्या खटाटोपाचा अगदी शेवटचा क्षण. तो क्षण वगळला तरी बाकीची सगळी विद्या शिल्लक राहते, आणि तीच खरी हवीशी आहे.

सुरुवात नकाशापासून. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० च्या नकाशावर समोच्च रेषा जिथे आत वळतात, तिथे ओहोळ असतो. फणसाडमधल्या जिवंत पाण्याच्या जागांना लोक गाण म्हणतात. चिखलगाण, फणसाडची गाण अशी त्यांची नावं आहेत. पावसाळ्यानंतर पाणी सगळीकडेच असतं, तेव्हा सांबर कुठेही भेटू शकतं, म्हणजे कुठेच भेटत नाही. होळीनंतर ओहोळ आटत जातात, उरलेल्या गाणींकडे वाटा वळू लागतात. म्हणून पाहणीचे दिवस फाल्गुन-चैत्रातले. साळावचा पूल ओलांडायचा, मुरूडच्या वाटेने सुपेगाव गाठायचं, नाक्यावर नोंद करायची आणि वाटाड्या सोबत घ्यायचा. आसपासच्या वाड्यांतल्या माणसांना या रानातली प्रत्येक पायवाट ठाऊक आहे. त्यांच्यामागून चालताना पहिलं शिक्षण होतं ते बोलणं बंद करण्याचं.

गाणीच्या काठचा ओला चिखल नीट बघावा. सांबराचा खूर दुभागलेला, पुढे निमुळता. मोठ्या नराचा ठसा चार बोटं भरतो. भेकराचा तसाच, पण जेमतेम दोन बोटांचा. रानडुकराचा ठसा बोथट, आणि मऊ मातीत त्याच्या मागे बाहेरच्या बाजूंना दोन बारीक खळगे पडलेले. ठशाची कड धारदार असेल, तळाशी पाणी नुकतंच झिरपत असेल, तर जनावर पहाटेच येऊन गेलंय. कड ढासळली असेल, ठशात वाळकं पान पडून दबलं असेल, तर ठसा जुना. थोडं वर गेलं की लेंड्यांचा ढीग सापडतो. ताज्या लेंड्या काळसर, चकचकीत, लहान सुपारीएवढ्या. एखाद्या खोडाची साल माणसाच्या कमरेच्या उंचीवर घासून सोललेली दिसते: नराने नव्या शिंगांवरची मखमल तिथे उतरवलेली असते. काठाजवळ चिखलाची घोळसलेली खळगी असली, तर तो लोळलाही आहे. हे सगळं वहीत, तारीख आणि वेळेसकट लिहावं. तीन-चार फेऱ्यांनी कागदावर वाटा आपोआप उमटू लागतात.

ठसे डोळ्यांना दिसतात, वारा दिसत नाही. आणि सांबराचा सगळा भरवसा नाकावर. किनाऱ्यावरच्या माणसाला हा धडा शाळेतच मिळालेला असतो: दिवसा समुद्रावरून जमिनीकडे खारे वारे, रात्री जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे. संध्याकाळी फणसाडच्या गाणीवर वारा पश्चिमेकडून येतो. पाण्याच्या पूर्वेला बसलेल्या माणसाचा वास मागे, डोंगराकडे निघून जातो. पौर्णिमेचा चंद्रही पूर्वेलाच, सूर्य मावळता मावळता उगवतो, म्हणजे तो पाठीशी राहतो आणि पाणी समोर उजळतं. अर्धी रात्र उलटली की मामला बदलतो. वैशाखात मतलई वारे दुबळे असतात, तरी उतारावरची गार हवा खाली ओघळू लागते आणि मचाणाचा वास पाण्यापर्यंत पोचवते. मचाण कुठे बांधायचं हे वन विभाग ठरवतो, पाहुणा नाही. पण चिमूटभर कोरडी माती बोटांतून सोडून वाऱ्याची दिशा बघणं, अत्तर-साबण घरी ठेवणं, उदबत्ती किंवा विडी न पेटवणं एवढं त्याच्या हातात असतं.

अपेक्षाही आधीच तपासून घ्याव्यात. शिंगांचा डौल बघायला वैशाख ही वेळ नव्हे. बऱ्याच नरांची शिंगं उन्हाळ्यात गळतात, पावसाळ्यात नवी मखमली फुटतात आणि हिवाळ्याच्या तोंडाशी तयार होतात. तेव्हा त्या रात्री समोर येईल तो नर बोडका किंवा नुकते कोंब फुटलेला असू शकतो. दोनशे किलोंच्या पुढचं ते धूड अंधारातून काठावर येतं तेव्हा पानाचा आवाजही होत नाही, हे मात्र खरं बघण्यासारखं. आणि गळून पडलेलं शिंग दिसलं, तरी ते जिथे आहे तिथेच राहू द्यावं. अभयारण्यातून ते नेणं गुन्हा आहे.

रात्री कान डोळ्यांपेक्षा जास्त कामाला येतात. सांबर धोका ओळखतं तेव्हा पाय आपटतं आणि घणघणीत 'पोंक' असा आवाज काढतं. एकदाच आवाज आला तर शंका. थांबून थांबून येत राहिला, आणि झाडावरचं वानरही खकारू लागलं, तर बिबट्या चालतोय आणि त्याची वाट या आवाजांवरून कळत जाते. अशा वेळी विजेरी पेटवण्याचा मोह आवरावा. विजेरीचा झोत पडला की दोघंही निघून जातात, आणि शेजारच्या मचाणावरच्या माणसाची रात्रही वाया जाते.

मचाणावर बसलेले लोक दिसलेली जनावरं मोजतातही, पण त्या मोजदादीवरून रानातला आकडा ठरत नाही. त्यासाठी आता कॅमेरा ट्रॅप आणि ठरावीक रेषांवरची पाहणी वापरतात. मचाणावरची रात्र माणसासाठी असते. नागझिऱ्याच्या जंगलात व्यंकटेश माडगूळकर नुसतं बघायला जाऊन राहिले आणि त्यावर त्यांनी पुस्तक लिहिलं, ते याच ओढीने. माग काढण्याची विद्या शिकारीबरोबर पुरली गेली असती तर मोठं नुकसान झालं असतं. ठसा वाचता येणारी, वारा ओळखणारी चार पोरं चौल-रेवदंड्यात तयार झाली, तर उद्या फणसाडच्या कडेला लागणारा फासा किंवा वणवा सगळ्यांत आधी त्यांनाच दिसेल.

म्हणून चौलकरांनो, यंदा शिमगा झाला की एखादी पहाट सुपेगावला काढा, वही सोबत न्या, कचरा परत आणा. बुद्धपौर्णिमेसाठी नावं वन विभागाकडे आगाऊ नोंदवावी लागतात, आणि मचाणं मोजकीच असतात.