दौऱ्यावरची भिंत

मुलुंडच्या कालिदास नाट्यमंदिरात पडदा उघडतो आणि नटाची एन्ट्री व्हायच्या आधीच टाळी पडते. ती टाळी हिची. फिकट पिवळा रंग, एक खिडकी, आतल्या खोलीचं दार, दाराशेजारी पूर्वजांचे फोटो. खात्यापित्या घराची भिंत. नाटकवाले हिला फ्लॅट म्हणतात.

समोरून नटवी, पण मागून पक्की कामकरी. विंगेत जाऊन बघा. लाकडी पट्ट्यांची चौकट, तिच्यावर ठोकलेला पातळ प्लाय, खिळ्यांची जुनी भोकं, पाठीवर खडूचा नंबर आणि त्याखाली खोडलेलं आधीच्या नाटकाचं नाव. रंगाचा पोपडा उडाला तर आतून कुणाचं तरी निळं घर डोकावतं. स्वभाव मात्र हळवा. नायकानं रागानं दार आपटलं की ही खिडकीसकट थरथरते आणि भर भांडणात प्रेक्षकांत खसखस पिकते. म्हणून मुरलेला नट राग चेहऱ्यावर ठेवतो; मनगटात उतरू देत नाही.

संगीत नाटकाच्या काळात हिची गरज नव्हती; राजवाडा, अरण्य, रस्ता सगळं रंगवलेल्या पडद्यांवर भागायचं. १९३३ साली नाट्यमन्वंतर या संस्थेच्या ‘आंधळ्यांची शाळा’त खोलीच्या भिंती उभ्या राहिल्या आणि मराठी नाटक हळूहळू दिवाणखान्यात राहायला आलं. पुढे दामू केंकरे, मोहन वाघ, प्रदीप मुळ्ये अशा नेपथ्यकारांनी तिला नाना घरं दाखवली. वन रूम किचनमध्ये संसार रेटलेली माणसं तिकीट काढून तिचा ऐसपैस हॉल बघत आली, आणि इंटरव्हलला वडा खाताना ‘सोफा छान आहे हो’ म्हणत आली.

तिची खरी परीक्षा प्रयोग संपल्यावर. रविवारी दुपारी मुलुंड, रात्री बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृह. नकाशावर दोन्ही शेजारी, पण मध्ये अख्खं राष्ट्रीय उद्यान पसरलेलं. टेम्पोनं एकतर घोडबंदरचा वळसा घ्यायचा, नाहीतर पवईच्या लिंक रोडवर रखडायचं. त्यामुळे उभं राहण्याइतकंच झटपट सुटं होणं हा तिचा गुण ठरतो. हल्लीच्या आटोपशीर सेटचं श्रेय समीक्षक सौंदर्यदृष्टीला देतात. मला विचाराल तर त्यातलं निम्मं टेम्पोच्या भाड्याला द्यावं.

पडदा पडतो. प्रेक्षक सेल्फीसाठी नटांना गाठतात, तोवर मागे हातोड्या सुरू झालेल्या असतात. नाईटवर, म्हणजे प्रयोगामागे मिळणाऱ्या पैशांवर, काम करणारी बॅकस्टेजची मुलं खिळे उपटतात, पूर्वजांना गोणपाटात गुंडाळतात, भिंत आडवी करून खांद्यावर घेतात.

“अरे, दाराची भिंत आत्ता नको चढवू, ती शेवटी! बोरिवलीत तीच आधी लागणार!”

“आणि सोफा?”

“सोफा राहू दे मोकळा. आपण बसायचं कुठे?”